दगड झालेले वऱ्हाड

अंबाजोगाईची योगेश्वरी नवरी म्हणून आली आणि देवी होऊन राहिली, अशी बीड जिल्ह्यातील जुनी आख्यायिका आहे. तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. वऱ्हाड कोकणातून घाट चढून बालाघाटाच्या पठारावर आले, पण अंबाजोगाईत रेंगाळले आणि मुहूर्त टळला. परळी तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर! वऱ्हाडी, हत्ती, सगळा लवाजमा जागच्या जागी दगड झाला. योगेश्वरी कुमारिका राहिली आणि तिचे ठाणे तिथेच झाले.

कथेला पुरावा म्हणून लोक गावाजवळचा ‘हत्तीखाना’ दाखवतात. जयंती नदीच्या परिसरातील हे खडकात कोरलेले शैव लेणे. अंगणात नंदीमंडप, भोवती दगडी हत्ती, आत खांबांचा विस्तीर्ण मंडप. कथा आधी की शिल्पे आधी, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. ओसाड पडलेल्या लेण्यातले हत्ती पाहून पुढच्या पिढ्यांनी त्यांना वऱ्हाडात सामील करून घेतले असावे. गावाचा लेखी इतिहास मात्र याहून वेगळा आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख इथे आहेत. त्यांतील सकलेश्वर मंदिराचा लेख शके 1150 म्हणजे इ. स. 1228 चा. मोहिमेत पडलेल्या भावाच्या, रामाच्या, स्मरणार्थ खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने मंदिर बांधले, असेही लेखांतून कळते. या खऱ्याखुऱ्या बहिणीपेक्षा लोकांच्या तोंडी टिकली ती न झालेल्या लग्नाची नवरी.

योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांची कुलस्वामिनी. समुद्रकाठच्या घराण्यांची देवी इतक्या दूर मराठवाड्यात कशी, याचा उलगडा ही कथा करते. दुसऱ्या एका परंपरेत याच नात्याची दिशा उलटी आहे. त्यानुसार अंबाजोगाईच्या मुली कोकणात दिल्या गेल्या आणि योगेश्वरीला कुलदैवत मानण्याची अट घातली गेली. एकीकडे नवरी घाट चढते, दुसरीकडे उतरते. इतिहास म्हणून दोन्हींना आधार कमी. पण दोन प्रदेशांतला संबंध लग्नानेच सांगावा, यावर दोन्हींचे एकमत आहे.

याच देवीने दंतासुराचा वध केला, असे माहात्म्य सांगते. दैत्यवध आणि मोडलेले लग्न यांची सांगड कन्याकुमारीच्या कथेत अधिक उघड दिसते. तिथे बाणासुराचा वध कुमारिकेच्याच हातून व्हायचा होता. म्हणून शुचींद्रमहून निघालेल्या शिवाला कोंबड्याच्या खोट्या आरवण्याने परत फिरवले गेले आणि लग्नाचे तांदूळ खडे-वाळू झाले. अंबाजोगाईच्या कथेमागेही हाच साचा असण्याची शक्यता मोठी आहे.

टळलेली वेळ आणि दगड यांची जोडी उत्तर युरोपातही आढळते. आइसलँडमध्ये जतन झालेल्या एड्डा काव्यांत अल्वीस नावाचा बुटका थोर या देवाच्या मुलीला नवरी म्हणून न्यायला येतो. थोर त्याला प्रश्नांत गुंतवून पहाट उजाडेपर्यंत थांबवतो आणि सूर्यप्रकाशात अल्वीसचा दगड होतो. स्कँडिनेव्हियातील लोककथांत रूप बदलणाऱ्या नवऱ्याही पुष्कळ आहेत. नॉर्वेच्या आस्ब्यर्नसेन आणि मू यांच्या संग्रहातील बोटभर उंचीची नवरी पाण्यात पडून वर येते तेव्हा इतर मुलींएवढी होते आणि लग्न लागते. तिकडचे रूपांतर संसाराकडे नेते. योगेश्वरीचे रूपांतर तिला संसारातून बाहेर काढते, पण हजारो घरांच्या देव्हाऱ्यात बसवते. मराठी कथेचे हे वेगळेपण महत्त्वाचे आहे.

निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे अंबाजोगाई हे नाव पुन्हा रूढ झाले. देवीचे नवरात्र इथे दोनदा होते, एक आश्विनात आणि दुसरे मार्गशीर्षात.