गाईच्या घंटेवर अली

स्वेटर काढून बॅगेत टाका. महिना डिसेंबरचा असला तरी गाव नासाऊ आहे, बहामा बेटांचं. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच समुद्राची खारट, दमट हवा गळ्यात पडते आणि शर्ट पाठीला चिकटतो. टॅक्सीत पुढेच बसा, गंमत कळेल. रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच. रस्ता इंग्रजांच्या शिस्तीचा, गाडी अमेरिकेहून आणलेली. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. मग तो तुम्हालाच विचारतो, “येतंय का काही?”

तुम्ही मान बाहेर काढून “नाही” म्हणता, गाडी सुसाटते, आणि तेवढ्यात तुमची ओळख झालेली असते.

“अलीला बघायला आलात?” तो जीभ टाळ्याला लावून च्यक् करतो. “संपला तो. होम्सनं काय हालत केली, पाहिलीत ना? पैसे वाया.” बोलताना स्टिअरिंगवरचा एक हात सुटतो आणि हवेत दोन ठोसे मारून परत येतो. ठोसे बघून कळतं की हा माणूस वीस वर्षं अलीच बघत आला आहे. उन्हाची झापड खाली ओढताना तिच्यामागून एक कागद त्याच्या मांडीवर पडतो. आज रात्रीचं तिकीट. तो ते घाईघाईनं परत खोचतो. तुम्ही खिडकीबाहेर बघा. पाहिल्याचं दाखवू नका.

तारीख 11 डिसेंबर 1981. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीला चाळिशीला पाच आठवडे कमी आहेत. त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरवायला अमेरिकेत फारसं कोणी उत्सुक नव्हतं, म्हणून हा घाट इथे घातलाय. समोर ट्रेव्हर बर्बिक, मूळचा जमैकाचा, आता कॅनडात राहणारा, 27 वर्षांचा धष्टपुष्ट गडी.

मैदान म्हणाल तर बेसबॉलचं. मध्ये रिंग ठोकलीय, भोवती घडीच्या खुर्च्या मांडल्यात, पण तुम्ही अजून फाटकाबाहेरच आहात, कारण फाटकाची किल्ली सापडत नाहीये. खरंच सांगतोय. जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा आत आहे आणि बाहेर माणसं कुलूप हलवून बघताहेत. मागून रेटा येतो. कोणाचं कोपर तुमच्या बरगडीत, कोणाच्या सिगारचा धूर थेट नाकात. त्या धुरात बिअर, स्वस्त अत्तर आणि तळणाचा वास मिसळलाय. तळणाच्या वासामागे जा. शंखातल्या प्राण्याची भजी आहेत, इथले लोक त्याला काँक म्हणतात. बाहेरून कुरकुरीत, आतून रबरासारखी चिवट, आणि मिरची अशी की डोळ्यांतून पाणी. कढईवाली बाई तुमच्याकडे बघून हसते आणि अलीबद्दल न विचारताच बोलते, “माझा नवरासुद्धा चाळीस मिनिटं उभा राहू शकत नाही हो आता.”

अविश्वास असा हवेतच आहे. पण त्याची गोडी बघायची तर मागच्या वर्षीचं आठवायला हवं. हाच माणूस तेव्हा जानेवारीत आपल्याकडे मद्रासला प्रदर्शनी लढत खेळून गेला. ऑक्टोबरात होम्ससमोर उतरला तेव्हा पोट गेलेलं, केस काळेभोर, थेट जुन्या फोटोतला अली. लोक भुलले. केसांना कलप होता आणि वजन गोळ्यांनी उतरवलेलं, हे नंतर कळलं. एकेकाळी त्याच्याचकडे सरावाला असलेल्या होम्सनं दहा राउंड त्याला बडवला, शेवटी अलीच्या कोपऱ्यातूनच “पुरे” झालं. त्यामुळे आज रूपावर कोणी जात नाही. नाहीतरी रूप उरलंय कुठे? वजन 107 किलो, होम्सच्या वेळेपेक्षा आठ किलोंहून जास्त.

फाटक एकदाचं उघडतं. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढे सरका, कोणी हटकणार नाही. आधीच्या कुस्त्या (सवयीनं तोंडात येतं, कुस्त्याच म्हणू) चालू आहेत. प्रत्येक लढत संपली की हरलेला आणि जिंकलेला दोघंही ताटकळत उभे, आणि कोपऱ्यातली माणसं खाली वाकून ग्लोव्हजच्या नाड्या नखांनी सोडवताहेत. एरवी या नाड्या कात्रीनं कापून टाकतात. आज कापायच्या नाहीत. ग्लोव्हजच्या दोनच जोड्या आहेत आणि सगळ्यांना त्याच घालायच्यात. घामानं भिजलेले, जड झालेले ग्लोव्हज एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात. लग्नात भाड्याचा फेटा फिरतो तसे.

मग पैशांवरून काहीतरी बिनसतं. दोन तासांवर उशीर होतो. शेजारचा जाड माणूस घड्याळ बघतो, शिव्या देतो, तुम्हाला शेंगदाणे देतो, पुन्हा शिव्या देतो. उठून मात्र जात नाही.

आणि घंटा होते. तुम्ही दचकून मागे बघता, कोणाची गाय सुटली की काय! रिंगची घंटा आणायची राहिलीय, म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा बडवताहेत. इथल्या लोकांना त्याचं अप्रूप नाही. नाताळानंतरच्या जंकानूच्या मिरवणुकीत ते अशाच घंटा वाजवत नाचतात. तुमच्या पोटात मात्र गावच्या जत्रेतल्या फडासारखं काहीतरी हलतं.

दहाच राउंड. बर्बिक खांदे पाडून आत घुसतो, पोटात मारतो, दोरांवर रेटतो. ठोशाचा आवाज टीव्हीवर ऐकलात तसा नसतो. ओली गादी काठीनं झोडपावी तसा असतो. अलीचा डावा हात निघतो, पण उशिरा. बर्बिकचं डोकं जिथे होतं तिथे तो पोचतो, डोकं तिथून गेलेलं असतं. “बघा,” शेजारी म्हणतो, “सांगितलं होतं.” मागून कोणीतरी हसतं.

पण मध्येच एकदा अली टाचा उचलतो. चवड्यांवर येतो आणि डावीकडे सरकतो, दोन पावलं, तीन पावलं. सगळं मैदान उभं. शेंगदाण्यांची पुडी जमिनीवर, जाड माणूस खुर्चीवर, तुमचा दंड त्याच्या मुठीत, आणि तो लहान पोरासारखा “अली! अली!” करतोय. निकाल तुम्हाला पाठ आहे, तरी तुम्हीही ओरडताय. चौथ्या पावलाला टाच खाली टेकते. बर्बिक आत येतो. मूठ तुमच्या दंडावरून हळूच सुटते.

तिन्ही पंच बर्बिकच्या बाजूनं. अली एकदाही पडला नाही, हे लोक बाहेर पडताना एकमेकांना तीन-तीनदा सांगतात. पाच वर्षांनी टायसन नावाचं वीस वर्षांचं पोरगं याच बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये लोळवणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सांगू नका कोणाला. इथे आज ऐकून घेणारं कोणी नाही.

बाहेर तीच टॅक्सी. “सांगितलं होतं ना, संपला म्हणून,” ड्रायव्हर म्हणतो. आवाज पार बसलाय त्याचा, घशातून नुसती खरखर येते. तुम्ही काही विचारत नाही. पुढे ट्रक लागतो. तो जरा बाहेरच्या अंगाला गाडी घेतो, आणि घोगऱ्या आवाजात विचारतो, “येतंय का काही?”