एम्बेडेड बोर्ड आणि 'डिव्हाइस ट्री'

टेबलावरचा संगणक सुरू केला की त्याला काय काय जोडलेले आहे, हे लिनक्सला बहुतांशी आपोआप कळते. पीसीआय आणि यूएसबीवरील उपकरणे विचारताच स्वतःची ओळख सांगतात. उरलेला तपशील मदरबोर्डवरील फर्मवेअर एसीपीआयच्या तक्त्यांतून पुरवते. राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा मोबाइल यांमधील एम्बेडेड बोर्डांची गोष्ट निराळी. त्यांवरील सीरियल पोर्ट वा तापमान मोजणारी चिप सहसा आपण होऊन काहीच सांगत नाही. ती कोणत्या पत्त्यावर आहे, तिची इंटरप्ट लाइन कोणती, क्लॉक कोठून मिळतो, हे सारे कर्नलला बाहेरून सांगावे लागते.

एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांसाठी हे वर्णन पूर्वी कर्नलमध्येच, सी भाषेतील 'बोर्ड फाइल'मध्ये लिहिले जाई. बूटलोडर फक्त बोर्डाचा क्रमांक कळवीत असे. नवा बोर्ड आला की नवी फाइल लिहायची आणि कर्नल पुन्हा कंपाइल करायचा! अशा फायलींचा ढीग इतका वाढला, की मार्च २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला.

तोडगा मात्र जुनाच होता. सन आणि अ‍ॅपल यांच्या यंत्रांतील 'ओपन फर्मवेअर' हार्डवेअरचे वर्णन वृक्षाच्या रूपात ठेवीत असे. १९९४ मध्ये त्याचे आयईईई १२७५ हे मानक झाले. पॉवरपीसीवरील लिनक्सने ही कल्पना आधीच उचलली होती, ती आता एआरएमकडे आली. या वृक्षाच्या खोडाशी बोर्ड, फांद्यांवर बस आणि टोकाला एकेक उपकरण असते. प्रत्येक उपकरणाच्या नोंदीतील 'कम्पॅटिबल' हा गुणधर्म कळीचा; त्यातील नाव जुळले की कर्नल योग्य ड्रायव्हर जोडतो. ही मजकुराची फाइल 'डीटीसी' हा कंपाइलर बायनरी रूपात आणतो आणि बूटलोडर ती मेमरीत ठेवून तिचा पत्ता कर्नलच्या हाती देतो. वर्णन असे कर्नलबाहेर गेल्याने डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपवर चालू शकला.

हे वर्णन लिहिणे जोखमीचे असते. व्होल्टेज रेग्युलेटरची कमाल मर्यादा चुकीची लिहिली, तर चिप कायमची निकामी होऊ शकते. शिवाय नव्या कर्नलने जुने वर्णन स्वीकारावे असा दंडक असला, तरी तो प्रत्येक वेळी पाळला जात नाही.

सामान्य ग्राहकाचा संबंध येतो तो उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनमुळे. त्यावर नवे लिनक्स चढवू पाहणाऱ्यांना पहिल्यांदा हा वृक्षच लागतो. मूळ फाइल हाती नसेल, तर फोनमधील बायनरी 'डीटीसी'ने उलट दिशेने वाचता येते. पत्ते आणि आकडे मिळतात. अमुक पिन का जोडली, हे सांगणाऱ्या टिपा मात्र कंपाइल करतानाच गळून गेलेल्या असतात.