भिंतीआडचा सांधा: कामठीच्या स्वयंपाकघरातील गळतीमागचा इतिहास

१/
कामठीतले एखादे जुने घर. स्वयंपाकघर नव्याने बांधले जाते: ग्रॅनाइटचा ओटा, छतापर्यंत टाइल्स, स्टीलचे सिंक, भिंतीत दडवलेले नळ. महिन्याभरात सिंकखाली ओल दिसते आणि शेजारच्या खोलीचा रंग फुगतो. नळकारागीर फरशीवाल्याकडे बोट दाखवतो, फरशीवाला नळकारागिराकडे. या भांडणाचा इतिहास बराच जुना आहे. थ्रेड 🧵

२/
कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ मध्ये लष्करी छावणी वसवली आणि तिच्याभोवती कामठी वाढली. त्या काळी पाणी घरात येत नसे, आणावे लागे. छावणीत भिश्ती पखालीने पाणी वाहत. गावात विहीर आणि नदी, घरात गुंड, घागर आणि माठ. सांडपाणी मोरीतून उघड्या नालीत जाई.

३/
या व्यवस्थेत कष्ट अपार होते आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येत. परंतु तिच्यात दोष लपत नसे. घागर झिरपली की खाली ओले दिसे. डाग देणारा दारासमोर बसून भांडे सांधी, त्यात पाणी भरून दाखवी आणि मगच पैसे घेई. काम आणि कामाची परीक्षा एकाच जागी, एकाच वेळी होत असे.

४/
पाणी नजरेआड वाहू लागले तेव्हा ही सोय संपली. पाणी झाकून नेण्याची विद्या महाराष्ट्राला इंग्रजांच्या आधीपासून ठाऊक होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, भूमिगत नहर बांधली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले.

५/
कात्रजच्या नळात वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, तसेच आत उतरून गाळ काढता येई आणि नळ तपासता येई. औरंगाबादच्या नहरीवरही तपासणीची तोंडे आणि हवा सोडणारे मनोरे होते. पाणी झाकले, तरी ते पाहण्याची वाट त्या बांधणाऱ्यांनी मोकळी ठेवली.

६/
नागपूर शहराला आधुनिक नळयोजना मिळाली ती १८७० च्या दशकाच्या आरंभी. भोसलेकालीन अंबाझरी तलावाचा बांध उंचावून पाणी लोखंडी नळांनी शहरात आणले गेले. या कामाचा अभियंता होता अलेक्झांडर बिनी. नागपूरचा पाऊस, जमिनीवरून वाहणारे पाणी आणि बाष्पीभवन यांच्या त्याने घेतलेल्या मोजमापांची दखल पुढे लंडनच्या अभियंत्यांनीही घेतली.

७/
बिडाच्या नळांचा सांधा त्या काळी असा होत असे: एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचे, फटीत ताग ठासायचा, वरून वितळलेले शिसे ओतायचे आणि ते थंड झाल्यावर छिन्नी-हातोडीने ठोकून घट्ट करायचे. ठोकण्यात आळस झाला, तर वरून सांधा देखणा दिसे आणि पाण्याचा दाब येताच झिरपे.

८/
बिनी १८७५ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता झाला. तिथे आधीच्यांनी बांधलेले बांध गळत होते आणि त्यांची दुरुस्ती हे त्याचे मोठे काम ठरले. दुसऱ्याचे सदोष काम उकरून नीट करणे हे नवे बांधण्यापेक्षा अवघड असते. आज फोडलेल्या ओट्यासमोर उभ्या असलेल्या कारागिराचीही हीच अडचण असते.

९/
‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे. लंडनमधील शिसेकारांच्या संघाला १६११ मध्ये राजाची सनद मिळाली होती आणि शिशाच्या व डाखाच्या मालाची तपासणी करण्याचा अधिकार त्या संघाकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे प्लंबरांच्या नोंदणीची मोहीमही सुरू झाली. घरातील सदोष नळकामामुळे रोगराई पसरते, हा तिच्यामागचा मुख्य युक्तिवाद होता.

१०/
अंबाझरीचे काम झाले त्याच सुमारास, १८७३ मध्ये, लिव्हरपूलचा अभियंता जॉर्ज डीकन याने पाण्याची नासाडी मोजणारे मीटर तयार केले. रात्री शहर झोपल्यावरही नळातून पाणी वाहत राहिले, तर ती गळती. मग माणसे घरोघरच्या तोट्यांशी कान लावून ती शोधत. घरांमधल्या सदोष जोडण्या दुरुस्त होत गेल्या, तसे त्या शहराला अखंड पाणी देणे शक्य झाले.

११/
नागपूरलाही हाच धडा गिरवावा लागला. २०१२ पासून शहरभर चोवीस तास पाण्याची योजना सार्वजनिक-खासगी भागीदारीतून हाती घेतली गेली, तेव्हा गंजलेल्या लोखंडी घरजोडण्या बदलणे हा तिचा मोठा भाग होता. मात्र अशा सर्व योजनांची हद्द मीटरपाशी संपते. मीटरच्या पुढचा नळ घरमालकाचा आणि त्याचा दोषही घरमालकाचाच.

१२/
कामठीतही भिंतीच्या आतला सांधा तपासायला नगरपरिषदेचा किंवा कटक मंडळाचा माणूस येत नाही. वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. स्वयंपाकघरात बदललेल्या नळासाठी मात्र असा कोणताही कागद कोणी मागत नाही. संपूर्ण काम घरमालक आणि कारागीर यांच्यातील विश्वासावर चालते.

१३/
दरम्यान सामग्री बदलली. जीआय पाइपच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावला जाई. तो सांधा बहुधा थेंबाथेंबाने आणि गंजाच्या डागाने आधी सूचना देई. सीपीव्हीसीचा सांधा सोल्यूशनने चिकटतो. पाइप तिरपा कापला, सोल्यूशन कमी लावले, पाइप पूर्ण आत गेला नाही किंवा वाळण्याआधी पाणी सोडले, तर सांधा बाहेरून निर्दोष दिसतो आणि दाबाखाली एकाएकी सुटतो.

१४/
सांडपाण्याच्या बाजूला मराठीची एक खूण आहे. फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला भारतभरचे स्थापत्य अभियंते ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. घरातली न्हाणी अशी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत जाऊन बसली. या ट्रॅपच्या बाकात साचलेले पाणी गटाराचा वायू आणि झुरळे रोखून धरते. सिंकखालचा बाकदार पाइपही तेच काम करतो.

१५/
म्हणूनच सिंकची लवचीक नळी बाक न ठेवता थेट गटाराच्या पाइपात खुपसली, तर पाणी उतरते पण दुर्गंधी वर येते. पाइपला उतार कमी पडला, तर तूप-तेल आत थिजून तो तुंबतो. उलटा उतार असेल, तर सांडपाणी सांध्याशी साचून राहते. हे तीनही दोष ओटा बसवण्यापूर्वी साध्या डोळ्यांना दिसतात. ओटा बसल्यावर ते शोधायला तो फोडावा लागतो.

१६/
यावरचा उपाय सरकारी बांधकामांच्या नियमांत कित्येक वर्षांपासून लिहिलेला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार घरातील नळ बुजवण्यापूर्वी त्यात हवा न राहू देता पाणी भरायचे, हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम दाब द्यायचा आणि पंप थांबवून अर्धा तास काटा पाहायचा. काटा उतरला, तर कुठेतरी गळती आहे.

१७/
डाग देणारा भांड्यात पाणी भरून दाखवी, त्याचेच हे शास्त्रीय रूप. खासगी घरात मात्र ते क्वचितच घडते. फरशीवाला दुसऱ्या दिवशी येणार असतो, घरात लग्न किंवा दिवाळी तोंडावर असते आणि रोजंदारीवरच्या कारागिराला पुढचे काम खुणावत असते. अर्ध्या तासासाठी कोणी थांबत नाही.

१८/
सारा दोष कारागिरावर टाकणेही न्याय्य नाही. बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली पाहून शिकलेले असतात. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या देशभर प्लंबर पुरवले आणि तिथल्या पट्टामुंडई येथे या कामाचे शासकीय शिक्षणही मिळते. असे शिक्षण सर्वत्र नाही, आणि ज्याने ते घेतले त्याला जादा मजुरी द्यायला गिऱ्हाईक राजी नसते.

१९/
काम बिघडल्यावर दाद कुठे मागायची? अंबाझरीच्या योजनेच्याच काळात, १८७२ मध्ये, भारतीय करार कायदा आला. कराराच्या भंगातून स्वाभाविकपणे होणारी हानी भरून मागण्याचा हक्क त्याच्या कलम ७३ ने दिला. पण दिवाणी दाव्याचा खर्च आणि कालावधी पाहता गळक्या सिंकसाठी कोर्टाची पायरी चढणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नव्हते.

२०/
१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ ही कल्पना आणली. लखनऊ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये घरबांधणी ही सेवा असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहक राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. कामठीकरासाठी तो आयोग नागपूरला आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.

२१/
रेरा कायद्याचे कलम १४ ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतील कारागिरीचे दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन घालते. ते मात्र घर विकणाऱ्या विकासकावर. मालकाने स्वतः बोलावलेल्या कारागिराला ते लागू होत नाही. तिथे आधार उरतो तो पुराव्याचा: कामाचा तपशील, पावती, भिंत बंद होण्यापूर्वीची छायाचित्रे आणि ओल दिसताच लेखी दिलेली सूचना.

२२/
हा पुरावा नंतर तयार करता येत नाही, आणि बहुतेक तक्रारी इथेच अडतात. टाइल्स बसल्यानंतर सांधा कोणी कसा जोडला, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. भिंत फोडली की दोन कारागिरांपैकी प्रत्येक जण म्हणतो, फोडतानाच पाइप तुटला. पाणी, पैसा आणि ओळखीपाळखीतले संबंध, तिन्ही गळतात.

२३/
कात्रजच्या नळावर उच्छ्वास बांधणाऱ्या गवंड्यांनी नळ कधीतरी तुंबेल, हे गृहीत धरले होते. आजच्या स्वयंपाकघरात तेवढेच गृहीत धरले तरी बरेच साधते: सिंकखाली उघडता येणारी फळी, त्या खोलीपुरता पाणी बंद करणारा स्वतंत्र व्हॉल्व्ह, न्हाणी ट्रॅपची निघणारी जाळी, दडवलेल्या पाइपांचा मापांसह नकाशा. आणि शेवटचा हप्ता दाबाची परीक्षा झाल्यावरच, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले.

२४/
बिनीच्या काळातील नळ जमिनीखाली गेले ते त्यांच्यावर पाण्याचा दाब देऊन पाहिल्यानंतर. कामठीच्या घरात ती परीक्षा घेणारा अभियंता नसतो. म्हणून टाइल्स लावण्याआधीचा तो अर्धा तास घरातल्याच कोणीतरी राखून ठेवावा लागतो.
(समाप्त)