चार वर्षे, चार महिने, चार दिवस

मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्लाखानी करायची, ही रीत आपल्या अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नवे कपडे, मिठाई, मौलवीसाहेबांसमोर बावरून बसलेले मूल आणि पाटीवरचा पहिला अलिफ. या आकड्याला शरियतचा आधार नाही, तो केवळ रिवाज आहे, असे आलिम सांगतात. त्या वादात आम्हांला पडायचे नाही. आम्ही नोंद करतो ती इतकीच, की मुलाचे शिक्षण सहाव्या वर्षी सुरू होते ही समजूत मुळात आपली नव्हती. ती सरकारी शाळेच्या दाखल्याबरोबर आली.

मशिदीच्या ओसरीवर भरणाऱ्या मकतबात वयाची अट नसे. थोरली बहीण पारा घेऊन निघाली की धाकटा तिचा पदर धरून मागे जाई. ऐकून ऐकून दोन-चार सुरे पाठ करी, पेंग आली की चटईवरच झोपे. मकतबाचे आम्ही गोडवे गात नाही. तिथे छडी होती, अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी होती, आणि मुलगी वयात आली की तिचे येणे बंद होई. पण धाकट्या भावंडापायी मोठीला घरी बसावे लागत नव्हते. ही गोष्ट लहान वाटते, पण पुढच्या हकिकतीत तीच महत्त्वाची आहे.

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला बालवर्ग जोडावा म्हणून गेल्या उन्हाळ्यात जमातीची बैठक झाली. शाळा उर्दू माध्यमाची, पट घसरत चाललेला. एक बुजुर्ग म्हणाले, "ही नवी टूम कशाला? आम्ही थेट पहिलीत बसलो, काय बिघडले?" त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर समजावे.

एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजात शिक्षणाची जी हालचाल झाली, तिची नजर वरच्या इयत्तांकडे होती. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली आणि दोन वर्षांत तिचे कॉलेज झाले. वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार घडवायचे होते, तेव्हा हे स्वाभाविकच होते. तीन-चार वर्षांचे मूल दादी-नानीच्या हवाली राहिले.

त्या मुलाचा विचार आपल्या बाजूला जोमाने सुरू झाला तो गुजरातेत. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते माँटेसोरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभे राहिले. हे सारे शहरातल्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरांसाठी होते. माँटेसोरीची लाकडी साधने महाग. ती गरिबाच्या मुलाला कुठून मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना सलत राहिला.

म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेली आणि शिकून शिक्षिका झालेली ही बाई पुढे जन्मभर त्या मुलखातच राहिली. बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हातपाय धुवायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने, माती. आज सरकारी योजनेतला अंगणवाडी हा शब्द घरोघर माहीत आहे. त्याचे मूळ या अंगणांत आहे.

दशकभराने हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथे नवी अडचण समोर आली. प्राथमिक शाळा होती, पण मुली येत नव्हत्या. आईबाप मजुरीला जात आणि सात-आठ वर्षांची पोर तान्ह्याला कडेवर घेऊन घर राखी. मुलगे गुरांमागे जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तिथेच शाळा. मुलींसाठी तोड निघाली ती विकासवाडीची. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठीने कडेवरचे मूल पाळण्यात घालावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात जाऊन बसावे. मधल्या सुटीत तिन्ही भावंडे एकमेकांना दिसत.

बालवर्ग म्हणजे पहिलीची पूर्वतयारी, असे आपण धरून चालतो. विकासवाडीने दाखवले की धाकट्यांचा वर्ग हा थोरल्या बहिणीचाही वर्ग असतो. आपल्या मोहल्ल्यांतून जी मुलगी तिसरी-चौथीत गळते, ती कशाने गळते हे सांगायला आयोग लागत नाही. तरी आकडा हवाच असेल, तर २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात तो आहे: ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलेली नव्हती किंवा मध्येच गळाली होती.

सरकारला हे सुचले नव्हते असे नाही. १९४४च्या सार्जंट योजनेत ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी मोफत शिशुशिक्षणाची शिफारस आहे, आणि तीत १० लाख मुलांची सोय धरली होती. शहरात स्वतंत्र शिशुशाळा असाव्यात, इतरत्र प्राथमिक शाळेलाच शिशुवर्ग जोडावा, असे तिथे म्हटले आहे. मग राज्यघटना आली. तिच्या कलम ४५ने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा संकल्प केला. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्यात बसत होते. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क केला खरा, पण ६ ते १४ या वयापुरता. सहाच्या आतले मूल प्रयत्नांच्या कलमात उरले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही पूर्वप्राथमिकची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असेच आहे. करावीच लागेल असे नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि प्राथमिक शाळेला जोडलेला बालवर्ग हा त्याचा एक मार्ग सांगितला. म्हणजे सार्जंट योजनेतली गोष्ट ७६ वर्षांनी पुन्हा कागदावर आली.

दरम्यान गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा निघाल्या आणि त्यांनी केजीचे दार आधी उघडले. तीन वर्षांचे मूल ज्या दाराने आत गेले, तिथूनच ते पहिलीत जाणार. आमच्या शाळेचा पट पहिलीत घसरला असे सगळे म्हणतात. खरे तर तो तीन वर्षे आधीच घसरलेला असतो, हजेरीपटावर उशिरा दिसतो.

बैठकीत खरी खडाजंगी झाली ती भाषेवरून. आमच्या घरांत कोकणी बोली आणि मराठी चालते. उर्दू ही शाळेची, वाजाची, अदबीची भाषा. वर्ग शाळेला जोडायचा म्हणजे आपोआप उर्दूत, असे काहींचे म्हणणे. तरुण आया म्हणाल्या, मूल जे बोलते ते तर बाईंना कळले पाहिजे. या वादालाही जुना इतिहास आहे. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या प्राथमिक शिक्षणाचे मुख्य माध्यम हिंदुस्तानी असावे अशी शिफारस केली, पण तिला एक पुस्ती जोडली: जिथल्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल, ती ठिकाणे वगळून. आपण शिफारस लक्षात ठेवली आणि पुस्ती विसरलो. ती आपल्यासारख्या मराठी बोलणाऱ्यांच्या उपयोगाची होती. उर्दूवर आमचा राग नाही. तिच्यात आम्ही वाढलो. पण तीन वर्षांच्या मुलाला तहान लागली हे सांगायला अनुवाद करावा लागू नये.

शेवटी तडजोड झाली. बाई गावातलीच नेमायची, बोलायचे घरच्या बोलीत, गोष्टी-गाणी मराठी आणि उर्दू दोन्हींत, आणि लिहायला लावायचे नाही. बुजुर्गांनी एकच अट घातली: पहिल्या दिवशी बिस्मिल्लाखानी व्हावी. सगळ्यांची वये काही चार-चार-चार भरत नव्हती, पण मौलवीसाहेबांनी ते मनावर घेतले नाही.

जूनमध्ये शाळेच्या ओसरीवर चटया पडल्या. पहिल्या दिवशी अकरा मुले आली. त्यांतल्या तिघांना पोहोचवायला त्यांच्या थोरल्या बहिणी आल्या होत्या. दोघींची नावे चौथीच्या हजेरीपटावर होती, तिसरीचे कमी झाले होते. गुरुजींनी ते पुन्हा लिहून घेतले.