लवंग आणि दुधाचे दात

पनवेलला १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. दुखऱ्या दातात लवंग धरण्याची रीत मात्र त्याहून फार जुनी. चरकसंहितेतही लवंग तोंडात ठेवायला सांगितली आहे.

लवंगेच्या तेलातले युजेनॉल कळ बधिर करते. ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवले की मिश्रण घट्ट होते. एकोणिसाव्या शतकात दंतवैद्यांनी ते उचलले आणि १९३० च्या सुमारास ते किडलेल्या दुधाच्या दातांच्या मुळांतही भरले जाऊ लागले. कायमच्या दातांत गटापर्चा भरतात. तोही झाडाचाच चीक, पण शरीरात विरघळत नाही. इथेच अडते. दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू झिजून कायमच्या दाताला वाट देते. आत भरलेले मिश्रणही त्याच्याबरोबर झिजायला हवे. युजेनॉलचे मिश्रण रेंगाळते, कधी त्याचे कण मागे उरतात. म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पेस्ट पुढे आली.

आता कोरफड, हळद, त्रिफळा यांच्या चाचण्या होत आहेत. औषध वनस्पतिजन्य आहे एवढ्यावर आम्हाला समाधान नाही. मुळातले जंतू मरतात का, आणि नवा दात येईपर्यंत मिश्रण विरते का, हे आम्ही विचारतो.