समाजाची नाडी: आपला अभ्यास कोणी व कसा केला



मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. रुग्णाच्या खाटेला लावलेला तक्ता वाचणे आणि त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकणे, ही दोन्ही कामे आमच्या शिक्षणात सारख्याच मोलाची मानली जात. समाजाचा अभ्यास करणारे विद्वानही याच दोन वाटांनी जातात, आणि दोन्ही वाटांवर आपला बेने इस्राएल समाज त्यांना भेटलेला आहे.

पहिली वाट मोजणीची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिव्यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. पुढे १८९७ साली फ्रान्समध्ये एमिल दुर्खेम या रब्बीपुत्राने आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी सुमारे २६,००० नोंदी वर्गवार लावल्या. इतके खाजगी दुःखही माणसाला समाजाशी बांधणाऱ्या नात्यांवर अवलंबून असते, असे दुर्खेम यांचे प्रतिपादन होते.

त्याच १८९७ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. केहिमकर घरचेच होते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा, शब्बाथला घाणा बंद ठेवल्यामुळे मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव, नव्याचा सण, बिरड्याचा रोजा, हे सारे त्यांनी टिपून ठेवले नसते, तर पुढच्या संशोधकांच्या हाती फार थोडे लागले असते.

दुसरी वाट सहवासाची. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले, आणि ही पद्धत रूढ झाली. मुंबईतील बेने इस्राएलांवर शिफ्रा स्ट्रिझोवर यांचे पुस्तक १९७१ साली आले. लोद येथील आपल्या वस्तीवर शाल्वा वाईल यांनी १९७७ साली ससेक्स विद्यापीठाला प्रबंध सादर केला. शिरगणतीत आपली संख्या सापडते. मलिद्याचे ताट भरताना घरातील वडीलधाऱ्या बायका काय बोलतात, हे जवळ बसणाऱ्यालाच कळते.

मात्र प्रश्न विचारण्यामागचा हेतू सदैव सारखा नसतो. १९६२ साली इस्राएलच्या प्रमुख रब्बिनेटने विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. आपल्या लोकांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली शासनाने आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे जाहीर केले. आजी कोण, पणजी कोठली, हे प्रश्न संशोधकही विचारतो. पण त्याच्या वहीतील उत्तरावर कोणाचे लग्न अडत नाही. हे अंतर आपल्या पिढीने सोसून जाणले आहे.

२०१६ साली १८ बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी व भारतीय, दोन्ही वंशांचा मोठा वाटा आढळला. परंपरेला त्याने काही आधार दिला, याचा मला आनंद आहे. तरी रक्ताच्या चाचणीला मर्यादा असते, हे परिचारिकेला कोणी सांगावे लागत नाही. बिरड्याचा रोजा कोणी पाळला, का पाळला, हे रक्तात उमटत नाही. ते तोंडून सांगावे लागते, आणि सांगणारे आता थोडे उरले आहेत.

म्हणून माझी विनंती आहे. कोणी विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन घरी आला, तर प्रथम विचारा: हे कशासाठी, कोण ऐकणार, आमची नावे छापणार काय? शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची संमती घेतात, तशी येथेही घेतली पाहिजे. समाधान झाले की मोकळेपणाने बोला, आणि आपल्या मराठीत बोला. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. आपल्या नातवंडांना हिब्रू उत्तम येते. त्या चेहऱ्यांची ओळख मात्र आपल्याखेरीज त्यांना कोणी करून देणार नाही.