क्रिस्तपुराण : ओवी आणि वैकुंठ

इंग्रज जेझुइट स्टीफन्स यांचे गोव्यातील ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) धर्म-संस्कृतीच्या समन्वयाचा नमुना म्हणून गौरविले जाते. हा गौरव मला अपुरा वाटतो. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती श्रोता म्हणतो, की जुन्या पुराणांना मनाई केलीत, तर दुसरे पुराण द्या. ओवी येथे येते ती मुद्दाम निर्माण केलेल्या पोकळीत. स्वर्गाला मात्र स्टीफन्स ‘वैकुंठ’ म्हणतात. या शब्दातून विष्णू वजा करता येईल, असे त्यांनी गृहीत धरले असावे. भाषा इतकी आज्ञाधारक असते काय? १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषाच सोडण्याचा हुकूम काढला. तरी कारवार-मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत, पाद्र्यांच्या पश्चातही, वैकुंठाच्या ओव्या वाचल्या जात राहिल्या.